सक्शन कपवाला सायकल रॅक: टपावर सायकल, भरवसा रबरावर?

कासवछाप (ठाणे)

नमस्कार मंडळी. नवीन हॅचबॅक घेतली आहे, रूफ रेल नाहीत. बीआरएम (ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) बहुतेक पुण्याहून किंवा नाशिकहून पहाटे सुटतात, त्यामुळे आदल्या रात्री सायकल घेऊन जावं लागतं. सध्याची पद्धत अशी: दोन्ही चाकं काढायची, मागची सीट पाडायची, खाली जुनी चादर अंथरायची आणि सायकल कोंबायची. मग बायको आणि लेक घरी राहतात. त्यांचंही म्हणणं आहे की तू सायकल चालवतोस तेवढ्या वेळात आम्ही निदान पुणं तरी फिरू.

डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा रॅक एका मित्राकडून आणून पाहिला. माझ्या गाडीचा स्पॉयलर प्लॅस्टिकचा, हुक कुठे अडकवायचे तेच कळेना. आणि सायकल लटकवली की नंबरप्लेट गायब. टोलनाक्यावर हवालदार मामांना काय सांगू?

आता नजर त्या सक्शन कपवाल्या रॅकवर आहे. तीन रबरी कप टपावर, त्यावर पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा), आणि मागच्या चाकाला एक वेगळा कप. व्हिडिओत सगळं भारी दिसतं. पण एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगात लाखभराची सायकल (घरी किंमत निम्मी सांगितली आहे) नुसत्या हवेच्या भरवशावर? कुणी प्रत्यक्ष वापरलाय का?

मोगरा

आमच्या बाथरूममधला सक्शनचा हुक दर दोन दिवसांनी टॉवेलसकट खाली येतो. तेवढा अनुभव मला पुरेसा आहे. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

घाटरस्ता (पुणे)

वापरतो, बऱ्याच काळापासून. सवडीने सविस्तर लिहितो म्हणून पळणार नाही, आत्ताच लिहितो.

मोगरा, तो हुक आणि हा कप यांचं कूळ एक, पण काम वेगळं. बाथरूमचा हुक तुम्ही हाताने दाबता, थोडी हवा बाहेर जाते, रबर परत फुगायला बघतं आणि तेवढ्यावर तो टिकतो. हवा हळूहळू आत शिरते तेव्हा तुम्हाला कळत नाही, टॉवेल पडल्यावरच कळतं. चांगल्या रॅकच्या कपाला बाजूला अंगठ्याने दाबायचा छोटा पंप असतो. दाबत गेलात की आतली हवा उपसली जाते. त्या पंपाच्या दांड्यावर नारिंगी पट्टी असते. पट्टी आत गेली म्हणजे पकड पुरेशी, बाहेर दिसायला लागली म्हणजे हवा शिरतेय, परत पंप मारा. सगळी कमाई त्या पट्टीत आहे. पट्टी नसलेला, नुसता खटका दाबून बसवायचा स्वस्त कप सायकलीसाठी घेऊ नये असं माझं ठाम मत.

बसवताना घाई नको. मी ओल्या मायक्रोफायबरने टप पुसतो, मग कपाची कड बोटाने चाचपतो. वाळूचा एक कण जरी कडेखाली राहिला तरी पंप मारताना बारीक ‘स्स’ ऐकू येतं आणि दांडा दाबल्यावर लगेच बाहेर सरकतो. असं झालं की काढायचं, पुसायचं, परत लावायचं. कपाला पाण्याचा हलका फवारा मारला की कड छान चिकटते. साबण, पॉलिश, डॅशबोर्डवर मारतात तो चकचकीत स्प्रे, यातलं काहीही लावू नका. घसरतं.

पुढचं चाक डिकीत जातं. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा दुमडलेला तुकडा घाला. चाक नसताना कुणी गंमत म्हणून ब्रेक दाबला की पॅड एकमेकांना चिकटतात, आणि पहाटे पाचला हेडटॉर्चच्या उजेडात ते उचकटत बसावं लागतं. थ्रू ॲक्सलचा (चाकातून आरपार जाणाऱ्या जाड आसाचा) फोर्क असेल तर त्या मापाचा अडॅप्टर लागतो, १२ की १५ मिमी ते आधी बघा. मागचं चाक जिथे येईल तिथे, टपावर किंवा मागच्या काचेवर, चौथा कप. काचेवर पकड उत्तम बसते.

आणि दर थांब्याला चारही पट्ट्या बघायच्या. चहा नंतर.

कासवछाप

वा, हे हवं होतं. कंपनी कोणती? आणि शंभरचा वेग?

घाटरस्ता

सीसकर, टॅलन नावाचं एका सायकलीचं मॉडेल. अमेरिकेतून आलेल्या भावाच्या सामानातून आणवलं. मी ८० च्या वर जात नाही. गाडी जाते, मी जात नाही.

बे एरियातला बंड्या

इकडे कॅलिफोर्नियात हे रॅक बरेच दिसतात, म्हणून दोन पैसे माझेही. सीसकर मूळची फ्लोरिडातली, बोटीच्या सामानातली कंपनी. बोटीला भोकं न पाडता तिच्यावर वस्तू अडकवायच्या म्हणून हे पंपवाले कप आले. नंतर सायकलवाल्यांनी उचलले. सहा इंची एका कपाचं रेटिंग २१० पौंड, म्हणजे ९५ किलो. टॅलनची किंमत चारशे डॉलरच्या आसपास, दोन-तीन सायकलींची मॉडेलं त्याहून महाग.

इकडे चालण्याचं कारण म्हणजे टेस्लासारख्या काचेच्या टपाच्या गाड्या, लीजवरच्या गाड्या आणि भाड्याच्या गाड्या. स्क्रू मारायची सोयच नाही. ६५-७० मैलांच्या वेगाने फ्रीवेवर लोक बिनधास्त नेतात. पण एक सांगतो, इथला रस्ता आणि तिथला रस्ता यात फरक आहे. इकडे टप सहसा नुसता ओला किंवा कोरडा असतो. पुण्यात आईकडे गाडी रात्रभर बाहेर ठेवली की सकाळी तिच्यावर बोटाने नाव लिहिता येतं.

डेंटिंगवाला (कोल्हापूर)

भावांनो, कप राहू द्या बाजूला, पत्र्याचं बघा आधी.

आमच्याकडं गाडी आली होती मागं. मालकानं टपाला गारपिटीचे पोचे आले म्हणून कुठंतरी स्वस्तात पुट्टी भरून रंग मारून घेतला होता. त्यावर असला कप लावला, काढताना रंगाचा गोल पापुद्राच कपासंगं आला. थाळीएवढा! कंपनीचा मूळ रंग असला तर असं होत न्हाई सहसा. पण टप एकदा रंगवलाय का, हे सेकंडहँड गाडी घेतल्याली असली तर मीटर लावून जाडी तपासून घ्या, कुठल्याबी चांगल्या गॅरेजात मिळतंय.

दुसरं, रॅप केल्याली गाडी. काळा टप करायची फॅशन आलीया, त्यातले निम्मे विनाइल चिकटवल्याले असत्यात. कप विनाइलला धरतोय, विनाइल गाडीला धरंल का ते देवाला ठाऊक. पीपीएफचंबी (रंग वाचवायची पारदर्शक फिल्म) तेच. सिरॅमिक कोटिंगचं तसं काय न्हाई, पण गुळगुळीत लई असतंय, पकड बसली का ते हलवून बघा.

तिसरं, टपाच्या पन्हळी. ईको, बोलेरो असल्या गाड्यांच्या टपावर लांबच्या लांब पन्हळी काढल्याल्या असत्यात, पत्रा पातळ असूनबी ताठ राहावा म्हणून. कपाची कड पन्हळीवर आली की हवा आत. कपाला सहा इंचाची सपाट जागा पायजेच. आणि टपाच्या अगदी मधोमध पत्रा सगळ्यात लवचिक. तिथं लावून सायकल डुलवली की पत्रा ‘टॉक टॉक’ करतोय. कडेकडं, नायतर पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीजवळ लावा, आतून आडवी पट्टी असती तिथं.

मोगरा

थाळीएवढा पापुद्रा! मी कासवछापच्या बायकोच्या बाजूने आहे, सीट पाडू नये आणि टपालाही हात लावू नये. भाड्याने सायकल घ्यावी.

कासवछाप

भाड्याच्या सायकलवर ३०० किमीची बीआरएम? वीस तासांत? मोगरा, तुमचा माझ्यावर राग आहे का काही?

फिजिक्सचे सर (नाशिक)

वर ९५ किलोचा आकडा आला आहे. तो पडताळून पाहू, कारण त्यातून एक अशी गोष्ट निघते जी सपाट मुलखातल्या लोकांना जाणवत नाही.

सहा इंची कप, म्हणजे त्रिज्या ७.६ सेंमी, क्षेत्रफळ साधारण १८२ चौरस सेंमी. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल. कपातली सगळी हवा काढता आली असती तर पकड १८८ किलोची झाली असती. अंगठ्याच्या पंपाने ती निघत नाही. अर्धी हवा आत राहिली, म्हणजे आतला दाब ५०० च्या आसपास, असं धरलं तर बरोबर ९५ किलो येतात. कंपनीचा आकडा प्रामाणिक वाटतो.

आता गंमत. कप ओढून धरत नाही, बाहेरची हवा त्याला दाबून धरते. बाहेरची हवा विरळ झाली की दाब घटतो, आत अडकलेली हवा मात्र तेवढीच. ठाण्यात लावलेला कप महाबळेश्वरला गेला (उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, दाब साधारण ८६०) तर पकड ९५ वरून ६७ किलोवर येते. काहीही गळती न होता! हाच कप परत पंप न मारता लेहला पोचला (३५०० मीटर, दाब ६५५-६६०) तर २९ किलो. प्रत्यक्षात रबर थोडं सैल होऊन आतला दाबही किंचित उतरतो, त्यामुळे आकडे तंतोतंत नाहीत, पण दिशा हीच. लेहमध्ये नव्याने पंप मारलात तर साठच्या घरात जाल, त्याहून वर जाणार नाही. तिथे हवाच कमी आहे, पंप बिचारा काय करणार.

म्हणून घाट चढून वर आलात की पट्टी दिसो न दिसो, पंप मारा. उतरताना उलट होतं, पकड आपोआप वाढते.

वाऱ्याचंही सांगून टाकतो. १०० च्या वेगाला हवेचा मारा दर चौरस मीटरला साधारण ४६० न्यूटन. उभ्या सायकलीचं वाऱ्याला अडणारं क्षेत्र पाव चौरस मीटर धरा, तर बारा किलोचा रेटा. ८० ला साडेसात. घाटरस्ता ८० वर थांबतात ते हिशेबाला धरून आहे, कारण रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. समोरून येणाऱ्या वाऱ्याची मला तितकी काळजी नाही. सायकलीची लांबी त्या दिशेने आहे, मागचा कप ताण घेतो. काळजी आडव्या झोताची. कंटेनरला ओलांडून पुढे निघता तेव्हा जो फटका बसतो तो आडवा असतो, आणि आडव्या दिशेने पुढचे कप जवळजवळ असतात. तेव्हा पुढचे दोन कप जितके लांब लांब बसतील तितके बसवावेत.

घाटरस्ता

सर, दंडवत. लोणावळ्याला माझी एक पट्टी नेहमी थोडी डोकावते, मी इतके दिवस त्या कपाला दोष देत होतो.

बे एरियातला बंड्या

सर, मग टाहो लेकला (१९०० मीटर) जाताना लोक पडत कसे नाहीत?

फिजिक्सचे सर

बंड्या, १९०० मीटरला दाब ८०० च्या जरा वर. पकड पन्नास-साठ किलो उरते, कप चार, सायकल दहा किलोची. गुंजाइश मोठी आहे. मी घाबरवत नाहीये. गुंजाइश कुठे कुठे खर्च होते ते मांडतोय. धूळ थोडी खाणार, उंची थोडी खाणार, ऊन थोडं खाणार. सगळे एकाच दिवशी जेवायला आले तर अडचण.

नागपुरी संत्रं

उन्हाचं मी सांगतो न भाऊ. मे महिन्यात आमच्याकडे ४५ च्या वर जाते. काळ्या गाडीच्या टपावर हात ठेवून दाखवा, मानलं तुम्हाले. माझ्याकडे एक स्वस्तातला खटक्याचा कप होता, नाव सांगत नाही, त्यावर फक्त मागचं चाक बांधलं होतं. सायकल लावून गाडी दुपारी उन्हात उभी केली, जेवून आलो तर कप टपावर नुसता ठेवल्यासारखा पडलेला. रबर मऊ, आतली हवा तापलेली, काय धरणार तो? पुढचा फोर्क पक्क्या रॅकवर होता म्हणून वाचलो.

तवापासून उन्हाळ्यात नियम असा: गाडी उभी करायची तर सावलीत, नाही तर सायकल खाली.

फिजिक्सचे सर

३० अंशांवरची हवा ६५ पर्यंत तापली तर आतला दाब अकरा-बारा टक्के वाढतो. चांगल्या कपाची पकड तेवढ्याने दहाएक किलोच घटते. तुमच्या कपाचं बहुधा रबरच गेलं.

सायकलकाकू (पुणे)

आत्तापर्यंत सगळे सायकल पडेल का याचीच चर्चा करताहेत. मला मागून येणाऱ्या गाडीवाल्याची काळजी आहे. टपावरची दहा किलोची सायकल एक्सप्रेसवेवर सुटली तर सायकलवाल्याचं नुकसान लाखाचं, मागच्याचं किती ते बोलायलाच नको. अमुक किलोचं रेटिंग आहे म्हणून निश्चिंत राहणं मला पटत नाही. कप सुटला तरी सायकल गाडीलाच राहिली पाहिजे.

आमच्या ग्रुपमध्ये सपोर्ट गाडीवर (डेक्कन क्लिफहँगर या सायकल शर्यतीला, पुणे ते गोवा साधारण ६४० किमी, पर्यायी सायकल टपावर असतेच) मी एकच हट्ट धरते. दीड इंची पट्टा सायकलच्या फ्रेममधून ओवून दोन्ही मागच्या दारांतून आत घ्यायचा आणि आत ताणून बकल लावायचं. दारं पट्ट्यावरच बंद होतात. कप सगळे गेले तरी सायकल टपावर आडवी पडेल, रस्त्यावर नाही. पावसाळ्यात एक त्रास होतो, पट्ट्यावरून पाणी निथळत आत येतं आणि मागे बसणाऱ्याची मांडी भिजते. आम्ही पट्ट्याला दाराच्या आत एक गाठीचा फास खाली लोंबता ठेवतो, पाणी तिथून पायपुसण्यावर टपकतं. मांडीपेक्षा पायपुसणं बरं.

चोरीचंही तेच. कपाच्या कडेची पाती उचलली की हवा शिरते आणि दोन मिनिटांत रॅक सायकलसकट काखेत मारून कुणीही जाऊ शकतं. फूड मॉलवर एकाने गाडीपाशी थांबायचं, वडापाव तिथेच मागवायचा.

मोगरा

काकू, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. वाचनखूण साठवली, सायकल नसूनही.

कासवछाप

काकू, पट्ट्याचं डोक्यात बसलं. कायद्याचं काही? मागच्या रॅकमुळे नंबरप्लेट झाकली जाते तसं इथे नाही ना?

सायकलकाकू

नंबरप्लेट मोकळी राहते, तो मोठा फायदा. रुंदीकडे मात्र लक्ष द्या. सामान गाडीच्या बाजूच्या बाहेर आलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात वीस हजारांचा दंड आहे. एमटीबीचं (माउंटन बाइकचं) हँडल ७५-८० सेंमी असतं, रॅक अगदी कडेला लावला तर ते आरशाच्या बाहेर डोकावू शकतं. दोन सायकली असतील तर एक पुढे एक मागे सरकवून लावा म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत आणि आतच राहतात.

आणि उंची! दीड मीटरची गाडी, वर मीटरभर सायकल. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ रात्री थकून आले, सवयीने थेट बेसमेंटच्या उतारावर. कप शेवटपर्यंत सुटले नाहीत, म्हणून तर फोर्क वाकला आणि टपाला खळगा पडला. गाडीच्या किल्लीलाच एक लाल रिबन बांधा, सायकल वर असेल तेव्हा. मॉल, रेल्वेखालचे बोगदे, रस्त्यावर उंची अडवायला लावलेले हाइट गेज, सगळीकडे तोच घोळ.

डेंटिंगवाला

काकू, असली गाडी आली की आमी विचारतच न्हाई काय झालं. खळग्याचा आकारच सांगतोय.

घाटरस्ता

एक राहिलं. घरी आल्यावर कप पुसून झाकण लावून ठेवा, कड खाली टेकवून टाकून देऊ नका. कडेला मोड आली तर कोमट-गरम पाण्यात बुडवून ठेवलं की रबर पूर्ववत होतं. आणि टपावर गोल डाग दिसले तर घाबरू नका, ते कडेला जमलेल्या मळाचे असतात, पुसले की जातात.

लेकीची सायकलही न्यायची असेल तर आधीच सांगतो, लहान मुलांच्या सायकलींचा फोर्क बहुतेक वेळा अरुंद असतो, १०० मिमीच्या माउंटवर बसत नाही. आणि नटवालं चाक दर वेळी पान्याने सोडत बसायला संयम लागतो. ती डिकीतच टाका.

कासवछाप

सगळ्यांचे आभार. काल रात्री पुठ्ठ्याच्या सोळा सेंमीच्या चकत्या कापून टपावर मांडून पाहिल्या (वॉचमन काका बराच वेळ बघत उभे होते, शेवटी ‘साहेब, पूजा आहे का’ विचारून गेले). पुढच्या काचेच्या वर दोन चकत्या लांब लांब छान बसतात. तिसरी जिथे यायला हवी तिथे टपाला एक उथळ घडी आहे, साधारण बोटभर रुंद, चकतीची कड बरोबर तिच्यावर येते. रॅक दोनेक इंच मागे घेतला तर घडी टळते, पण मग मागचं चाक स्पॉयलरवर येतं, आणि स्पॉयलर प्लॅस्टिकचा, वर खडबडीत. काय करावं?

डेंटिंगवाला

प्लॅस्टिकवर कप अजिबात लावू नका. खडबडीत असंल तर धरणार न्हाई, आणि धरला तरी स्पॉयलरच हातात येईल. घडी उथळ असली तरी कड तिच्यावर नको.

घाटरस्ता

रॅक सरळच लावला पाहिजे असं नाही. थोडा तिरका फिरवा, तिसरा कप घडीच्या बाजूला जाईल. मागचं चाकही तिरकं होऊन स्पॉयलरच्या अलीकडे टपाच्या कोपऱ्यात उतरतं का ते बघा. सायकल चार-पाच अंश तिरकी राहिली तर काही बिघडत नाही. हँडल तेवढं आत राहतंय ना, टेप लावून मोजा. नाहीच जमलं तर त्या टपाला तुमच्या मापाचे क्लॅम्पवाले क्रॉसबार (टपावरचे आडवे दांडे) मिळतात का ते शोधा, दाराच्या चौकटीत अडकणारे. महाग पडतील, पण ऊन, उंची आणि धूळ तिन्हींची कटकट जाईल.

कासवछाप

तिरकं करून बघतो, रविवारी दिवसाउजेडी. चकत्या जपून ठेवल्या आहेत.

मोगरा

वॉचमन काकांना प्रसाद द्या आधी.